पायाळूचा डबा

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला बसल्यावर खोटे बोलू नये, असे आमची आजी म्हणत असे. तेव्हा चकलीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. अस्मादिक पायाळू आहेत.

हल्लीच्या मंडळींना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. चारचौघांसारखे मूल जगात येते ते डोके पुढे करून. मी आलो तो पाय पुढे करून. अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि त्याच्याविषयी पूर्वी घरोघर तीन गोष्टी सांगत. एक, त्याच्यावर वीज पडण्याचे भय असते. दोन, कुणाच्या पाठीत उसण भरली, तर पायाळूने पाय लावताच ती उतरते. आणि तीन, पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे गुप्तधन दिसते.

पहिल्या गोष्टीमुळे माझे लहानपणाचे पावसाळे खिडकीच्या गजांमागे गेले. दुसरीमुळे शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात अधूनमधून कोणी ना कोणी पाठ वाकवून माझ्यापुढे उभे राही. थोरामोठ्यांच्या पाठीला राजरोस पाय लावायला मिळावा, ही चैन काही लहान नव्हे! घोटाळा झाला तो तिसरीमुळे. वाड्यातल्या मोठ्या मुलांनी एके दिवशी कुणाच्या तरी आईची काजळाची डबी पळवली, माझे डोळे माखले आणि मला परसात उभे करून विचारले, "बोल, काय दिसतंय?" डोळ्यांची आग होत होती, दिसत काहीच नव्हते. पण लौकिकाचा प्रश्न होता. मी एका कोपऱ्याकडे बोट दाखवले. मुलांनी हातभर खोल खणले. निघाली एक गंजलेली कडी. त्यानंतर कित्येक दिवस माझे नाव 'कडीवाला' पडले.

हा डाग धुऊन काढण्यासाठी वयाच्या आठव्या वर्षी मी एक बेत रचला. धन आपणच पुरायचे आणि योग्य वेळी चारचौघांदेखत ते 'दिसल्याचे' जाहीर करायचे! डालड्याचा एक लहान रिकामा डबा मिळवला. त्यात अकरा गोट्या, एक भोवरा आणि आजीने दिलेला भोकाचा पैसा ठेवला. तुळशीवृंदावनापासून विहिरीच्या दिशेने मोजून सात पावले टाकली आणि वाडा दुपारचा झोपलेला असताना डबा पुरून टाकला. साल १९६१, महिना जुलै. त्या डब्याचे काय झाले ते पुढे ओघाने येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की मोठेपणी मी बँकेत रोखपाल झालो, छत्तीस वर्षे लोकांचे धन मोजले. पण गुप्तधन म्हणून काही या डोळ्यांना दिसले नाही. दिसले ते थेट बहात्तराव्या वर्षी, आणि तेही कॅनडात, गुडघाभर बर्फात!

झाले असे, की २०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता टोरोंटोला चिरंजीवांकडे गेलो. शहाणी माणसे तिकडे उन्हाळ्यात जातात. पण "मला एकदा बर्फ बघायचाय," असे सौभाग्यवतींनी जाहीर केल्यावर शहाणपण कुणाला विचारतो? बर्फ पहिल्याच सकाळी दहा मिनिटांत बघून झाला. उरलेले तीन महिने तोच पुन्हा पुन्हा बघायचा होता.

बर्फाहून अवघड प्रकरण घरातच होते. आमचे नातवंड नऊ वर्षांचे. त्याचे पत्रिकेतले नाव लांबलचक आहे, मी त्याला बंड्या म्हणतो. सकाळी "हाय आबा", शाळेला जाताना "बाय आबा", की आमचे दिवसाचे संभाषण संपले. मी मराठीत विचारायचे, त्याने इंग्रजीत पुटपुटायचे आणि मग दोघांनीही खिडकीबाहेर बघायचे. हा मुलगा मला घाबरतो, कंटाळतो की नुसताच ओळखत नाही, हेच मला उमगेना. सौभाग्यवतींचे बरे होते. त्या बेसनाचे लाडू वळत आणि तो आपण होऊन त्यांच्या मागेमागे फिरे. आजोबांना वळण्यासारखे काय असते?

एका शनिवारी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आज मला काम आहे. याच्याबरोबर तुम्ही जिओकॅशिंगला जाल का?"

आता जिओ म्हणजे मोबाइलची कंपनी आणि कॅशिंग म्हणजे धनादेश वटवणे, इतपत माझे ज्ञान. म्हटले, शनिवारी बँक उघडी असेल का? त्यावर बंड्या चक्क हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा! मी ताबडतोब कानटोपी शोधायला लागलो.

प्रकार असा आहे, मंडळी. कोणीतरी एक झाकणाचा डबा घ्यायचा, त्यात एक वही ठेवायची आणि तो एखाद्या बागेत नाहीतर रानात लपवायचा. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करायचे. ज्याला हौस असेल त्याने ते मोबाइलमध्ये घालून डबा शोधायचा, वहीत नाव नि तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवून द्यायचा. डब्यात लहानसहान वस्तूही असतात. एखादी उचललीत, तर तेवढ्याच मोलाची किंवा तिच्याहून बरी वस्तू आपली ठेवायची. रोखपालाच्या मनाला हा नियम फार पटला.

या खेळाचा जन्मही गमतीचा आहे. मोबाइल आपल्याला जागा दाखवतो ती सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या आधाराने. निदान चार उपग्रहांचे संदेश पकडायचे, ते यायला लागलेल्या वेळावरून अंतरे काढायची आणि त्यांचा मेळ घालून आपण कुठे आहोत ते ठरवायचे. हे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य जनतेच्या वाट्याला येणाऱ्या संदेशात ते मुद्दाम शंभरएक मीटरांची चूक मिसळत असत. २ मे २००० या दिवशी ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली रानात अर्धवट पुरली. आत पुस्तके, गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक हवाबंद डबा असा ऐवज ठेवला आणि जगाला सांगितले, शोधा! आठवड्याच्या आत दोघांनी ती शोधलीसुद्धा. त्या एका बादलीची पिलावळ आता तीस लाखांवर गेली असून पृथ्वीच्या सगळ्या खंडांवर पसरली आहे.

तात्पर्य, आमच्या वाड्यातली मुले ज्यासाठी काजळ घालत होती, त्याचे काम हे लोक उपग्रहाकडून करून घेतात.

चिरंजीवांचे घर हंबर नदीपासून दहा मिनिटांवर. नदीच्या काठाकाठाने शहरभर लांबच लांब बागा गेल्या आहेत. अंगावर तीन स्वेटर, वर चिरंजीवांचा कोट, डोक्याला पुण्याहून नेलेली माकडटोपी, अशा थाटात मी निघालो. हातात सूनबाईंच्या कुंड्यांतली खुरपी घेतली होती. ती पाहताच बंड्याने हात जोडले.

"आबा, डिगिंग नाही! पुरायची नाही, खणायची नाही. रूल आहे!"

झाले! पायाळूची सगळी विद्या पहिल्या पावलालाच रद्द. डबा जमिनीच्या वरच असतो. झाडाच्या ढोलीत, पडलेल्या ओंडक्याखाली, दगडाच्या कपारीत. मोबाइल तुम्हाला चार-पाच मीटरांच्या आसपास नेऊन सोडतो. पुढे तुम्ही आणि तुमचे डोळे.

थंडीत हा खेळ अवघड असेल असे वाटते. पण अर्धी गोष्ट उलट आहे. झाडे निष्पर्ण असल्याने नजर लांबवर जाते. डास नाहीत, खाजरा वेल नाही. शिवाय आपल्या आधी कोणी येऊन गेले असेल, तर बर्फात पावलांची रांगच्या रांग थेट डब्यापर्यंत घेऊन जाते. उरलेली अर्धी गोष्ट मात्र खरोखर अवघड. जमिनीलगतचा डबा बर्फाखाली गडप होतो, नाहीतर गोठून ओंडक्याला असा चिकटतो की हलता हलत नाही. म्हणून थंडीत सापडू शकणाऱ्या डब्यांच्या नोंदीवर हिमकणाची खूण केलेली असते. बॉलपेनची शाई गारठते, तेव्हा शिसपेन्सिल न्यावी लागते. आणि लिहिण्यासाठी हातमोजा काढला की बोटे आपली आहेत की उसनी आणली आहेत ते कळत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तासभर एका झाडाभोवती प्रदक्षिणा घातल्या. मी ओणवा होऊन बुंध्यात हात घातला होता, इतक्यात कुत्र्याला फिरवणारी एक म्हातारी बाई थांबली आणि काही हरवले आहे का, असे तिने काळजीने विचारले. "मगल! मगल!" बंड्या कुजबुजला. ज्यांना या खेळातले काही माहीत नाही त्या इतरेजनांना हे लोक 'मगल' म्हणतात, आणि त्यांच्यादेखत डबा काढायचा नाही असा दंडक आहे. मी प्रसंगावधान राखून चष्मा हरवल्याचे सांगितले. बाई माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत बघत निघून गेली.

डबा काही मिळाला नाही. घरी आल्यावर बंड्याने मोबाइलवर त्या डब्याच्या नावापुढे नोंद केली, 'सापडला नाही'. माझ्यातला रोखपाल दुखावला. आपली तूट कोणी अशी चारचौघांत जाहीर करते काय? पण तो म्हणाला, "आबा, लिहायलाच पाहिजे. मग ज्याची डबा आहे, तो येऊन बघतो. आणि दुसऱ्यांना पण कळते." मी गप्प बसलो. छत्तीस वर्षे नोकरी करून तुटीचा हा उपयोग माझ्या ध्यानात आला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी पहिला डबा सापडला. या खेळात प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचे असते. "आपले काय?" बंड्याने विचारले. मी त्याला पायाळूची हकीकत सांगितली. उसणीच्या भागावर तो इतका हसला, की बर्फात बसला. त्याच आठवड्यात फावड्याने अंगणातला बर्फ काढताना चिरंजीवांची पाठ धरली, तेव्हा "आबा, पाय!" म्हणून त्यानेच मला ओढत नेले. मी पाय लावला. चिरंजीवांना दुसऱ्या दिवशी बरे वाटले. त्यांनी गोळीही घेतली होती, पण ती गोष्ट आम्ही दोघांनी हिशेबात धरली नाही. तेव्हापासून त्या नदीकाठच्या डब्यांतल्या वह्यांत गिचमिड इंग्रजी नावांच्या खाली देवनागरीत एक सही दिसू लागली, 'पायाळू'. तीही बंड्याच्या हातची. 'ळ' काढायला मी शिकवला.

जानेवारीच्या अखेरीला एका दुपारी उणे बारा तापमान होते. ऐन शोधाच्या वेळी मोबाइलने मान टाकली. थंडीत त्याची बॅटरी अशी अचानक बसते. बंड्याने तो कोटाच्या आत काखेत धरला आणि तो ऊब धरीपर्यंत आम्ही नदीकाठच्या बाकावर बसून राहिलो. नदी दोन्ही काठांनी गोठलेली, मधून काळ्या पाण्याची एक धार चाललेली. आकाराने आमच्या मुठेचीच बहीण. मी सहज म्हटले, "काय रे, शहरात नदीकाठची एवढी मोलाची जागा, आणि इथे एकही घर कसे नाही?"

"घर होती," तो म्हणाला. "वाहून गेली. टीचरने सांगितले. हरिकेन हेझल."

त्याने अर्ध्या मराठीत नि अर्ध्या इंग्रजीत सांगितले ते असे. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल नावाच्या वादळाचा पाऊस टोरोंटोवर कोसळला आणि ही हंबर नदी फुगली. कॅनडात एक्याऐंशी माणसे दगावली. त्यातली पस्तीस तर हंबरकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची, झोपेत होती ती. त्यानंतर तिथल्या कारभाऱ्यांनी ठरवले, की पुराच्या पट्ट्यात पुन्हा घरे बांधू द्यायची नाहीत. ती जागा नदीची. तिथे बागा केल्या. आम्ही डबे शोधत होतो त्या बागा या अशा झालेल्या.

मी बराच वेळ बोललो नाही. मग म्हटले, "बंड्या, माझा पण एक डबा आहे."

आणि मी त्याला डालड्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. कुणालाही न सांगितलेल्या शेवटासकट सांगितली. वाचकहो, ती आज तुम्हालाही सांगतो.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि दुपारी पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. वडील कचेरीत होते. "पळा, पळा," असा ओरडा झाला, तेव्हा आईने एका हातात मला धरले नि दुसऱ्या हातात एक गाठोडे. त्या गाठोड्यात तिच्या चार पाटल्या होत्या, लग्नातल्या. दारापर्यंत आलो आणि मला माझा डबा आठवला. मी हात सोडवून परसाकडे धावलो. तुळशीपाशी बसून बोटांनी माती उकरू लागलो. पाणी घोट्याला लागले ते मला कळलेही नाही. आई ओट्यावर गाठोडे टाकून माझ्यामागे आली. तिने मला केसांना धरून उचलले. तोवर ओटा पाण्याखाली गेला होता. मागच्या बोळाने आम्ही वर निघून गेलो. गाठोडे राहिले.

पूर ओसरल्यावर जाऊन पाहिले, तर वाड्याच्या जागी चिखल. विहीर बुजलेली. तुळशीवृंदावन कुठे होते त्याचा पत्ता नाही. आता सात पावले मोजायची कुठून? वडिलांनी पाटल्यांचे विचारले, तेव्हा आई म्हणाली, "पळताना हातातून सुटल्या." माझे नाव तिने घेतले नाही, तेव्हा नाही आणि १९९८ साली जाईपर्यंत कधीच नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी तिला म्हटले, की पाटल्या करू. ती म्हणाली, "राहू दे रे. हाताला आता सवय नाही." गुप्तधन शोधणाऱ्या पायाळूने घरात होते ते धन असे घालवले.

बंड्याने सगळे ऐकून घेतले. मुले अशा वेळी सांत्वन वगैरे करीत नाहीत, हे बरे असते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "पणजी डबा शोधायला गेली नाही. तुम्हाला शोधायला गेली?"

"हो."

"आणि तुम्ही सापडले."

"सापडलो."

"मग तिची सापडली अशी एन्ट्री," तो म्हणाला आणि काखेतून मोबाइल काढून चालू होतो का ते बघू लागला. मी माकडटोपी जरा खाली ओढली. थंडीने डोळ्यांना पाणी येते.

मोबाइल चालू झाला. डबा एका आडव्या ओंडक्याच्या पोटात निघाला. वहीत सही करून झाल्यावर बंड्या आतल्या वस्तू चाळू लागला. एक बटण, एक प्लॅस्टिकचा बेडूक आणि निळ्या रेघेची एक काचेची गोटी. त्याने खिशातून आपली लाल मोटार काढली. ती त्याच्या फार आवडीची होती हे मला ठाऊक होते. मोटार डब्यात ठेवली, गोटी काढली आणि माझ्या हातमोज्यावर ठेवली. काही बोलला नाही. घरी जाताना मात्र सबंध वाटभर तोच बोलत होता, आणि मराठीत. मी डबा पुल्लिंगी असल्याचे सांगायचेही विसरलो.

२०२५ च्या जुलैत ही मंडळी पुण्याला आली. पहिल्याच रविवारी बंड्याने मला शनिवार पेठेत न्यायला लावले. आमच्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. खाली मोटारींची रांग. पाऊस भुरभुरत होता. मी अंदाजाने उभा राहिलो, अंदाजाने विहिरीकडे तोंड केले आणि सात पावले टाकली. आलो तो एका पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकापाशी.

"ओ काका, काय पाहिजे?" वॉचमनने हटकले.

"मगल," बंड्या म्हणाला.

मी चष्मा हरवल्याचे सांगितले. वॉचमनने माझ्या नाकाकडे पाहिले आणि खुर्चीत जाऊन बसला.

बंड्याने मोबाइल काढला. उत्तर १८ अंश ३१ मिनिटे, पूर्व ७३ अंश ५१ मिनिटे आणि पुढचे बारीक आकडे त्याने आपल्या वहीत नीट उतरून घेतले. तुळस वाहून गेली, विहीर बुजली, उद्या ही इमारतही पडेल. हे आकडे काही जागचे हलायचे नाहीत, असे त्याने मला समजावून सांगितले. मग त्याखाली पेन्सिलीने एकेक अक्षर लावून मराठीत लिहिले: 'आबांचा डबा. सापडला नाही. सही, पायाळू.'

'डबा'च्या पुढे 'सापडला' बरोबर आले होते. मी पाठीवर थाप मारली.

"पण आबा," वही मिटताना तो म्हणाला, "अकरा गोट्यांतली एक मिळाली ना. आता दहाच राहिल्या."